काहीही न घडवण्याचं प्रॅक्टिकल

दहावीचा निकाल हातात पडताच रसायनशास्त्राला कायमचा रामराम ठोकून जी मुलं कलाशाखेकडे पळाली, त्यांच्यातली काही निवडक मंडळी काही वर्षांनी माझ्यासमोर येऊन उभी राहतात. मधल्या काळात कुणी पेंटिंगची पदवी घेतलेली असते, कुणी इतिहासाची, कुणी पुरातत्त्वाची. जुनी चित्रं, मूर्ती, पोथ्या, वस्त्रं यांचं जतन करायला शिकावं असं त्यांच्या मनात येतं. विचार उदात्त असतो. अर्ज भरला जातो, मुलाखत होते, प्रवेश मिळतो, आई पेढे वाटते. मग वेळापत्रक लागतं आणि त्यात आठवड्यातून तीनदा एकच ओळ दिसते : केमिस्ट्री प्रॅक्टिकल. ज्या भुताला दहावीच्या बाकावर बसवून आलो असं वाटलं होतं, ते इथे पांढरा कोट घालून दारात उभं असतं. तो कोट माझा.

मी जन्मभर बी.एस्सी.च्या मुलांकडून सॉल्ट अ‍ॅनालिसिस आणि टायट्रेशन करून घेतलेला माणूस. मुंबईतल्या एका कला-जतनाच्या अभ्यासक्रमाला प्रॅक्टिकल शिकवायला मास्तर हवा होता, आणि मला निवृत्तीनंतर घरात बसू देणारं कुणी नव्हतं. जमून गेलं.

‘चित्रकलेच्या घरात रसायनशास्त्र घुसलं कधी?’ असं एका मुलीने पहिल्याच तासाला विचारलं. आवाजात कुतूहल कमी आणि राग जास्त होता. मी बर्लिनकडे बोट दाखवलं. 1888 मध्ये तिथल्या राजेशाही संग्रहालयांनी फ्रीडरिख राथगेन नावाचा रसायनतज्ज्ञ पगारावर ठेवला, तिथून ही साथ पसरली. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमची गोष्ट तर आणखी गमतीची. पहिल्या महायुद्धात बाँब पडतील म्हणून त्यांनी मौल्यवान वस्तू भुयारी रेल्वेच्या बोगद्यात नेऊन ठेवल्या. बाँब काही त्यांच्यावर पडला नाही. पण युद्ध संपल्यावर पेट्या उघडून बघतात तो लोखंडाला गंज, ब्राँझवर हिरवी पुटकुळी, दगडावर मिठाचा फुलोरा. जर्मनीला जे जमलं नाही ते दमट हवेनं करून दाखवलं होतं. मग 1920 मध्ये अलेक्झांडर स्कॉट या रसायनशास्त्रज्ञाच्या हाताखाली तिथे प्रयोगशाळा निघाली. आपल्या पुरातत्त्व खात्याने मात्र 1917 मध्येच मोहम्मद सनाउल्ला यांना रसायनतज्ज्ञ म्हणून नेमलं होतं. साहेबाच्या संग्रहालयापेक्षा आपण तीन वर्षं पुढे, हे वाक्य मी दर वर्षी छाती फुगवून म्हणतो. मुलं ते निमूटपणे लिहून घेतात, कारण ते परीक्षेत येतं.

प्रयोगशाळेचा पहिला नियम : इथलं काहीही तोंडात घालायचं नाही. बी.एस्सी.च्या मुलांना हा नियम एकदा सांगितला की पुरतो. चित्रकलेच्या मुलांना तो तासातासाला सांगावा लागतो, कारण ब्रशला टोक काढायची त्यांची हक्काची जागा म्हणजे ओठ. शिवाय त्यांच्या टेबलावर एका कपात चहा आणि दुसऱ्यात ब्रश धुवायचं पाणी असतं, आणि सवयीच्या हाताला कप कुठला हे ठरवण्याची गरज वाटत नाही. मी त्यांच्यापुढे जुन्या रंगांची यादी ठेवतो. हरताळ म्हणजे आर्सेनिकचं सल्फाइड. हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं. शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड. सफेदाही पूर्वी शिशाचाच असे. लघुचित्रं रंगवणाऱ्या जुन्या कलावंतांच्या कामाकडे मी तेव्हापासून दुहेरी आदराने बघतो : एवढं नाजूक काम, आणि तेही असल्या पेटीशेजारी बसून.

तर, काहीही तोंडात घालायचं नाही, हे मुलांच्या मनावर नीट ठसलं की पुढच्या आठवड्यात त्यांना सांगायची वेळ येते की आज आपण थुंकीने चित्र साफ करणार आहोत.

यात माझा काही दोष नाही. चित्राच्या पृष्ठभागावरचा मळ काढायला लाळ उत्तम, हे जतन करणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. लाळेत अमायलेज नावाचं विकर असतं. ती साधारण उदासीन असते, म्हणजे आम्लही नाही आणि अल्कलीही नाही. थोडी चिकट असल्यामुळे पाण्यासारखी भलतीकडे पसरत नाही. आणि अंगाच्या तापमानाला, बिनखर्चात, चोवीस तास उपलब्ध. पोर्तुगालमधल्या तिघा संशोधकांनी हे सगळं रीतसर तपासून 1990 मध्ये शोधनिबंध लिहिला आणि त्याला 2018 मध्ये रसायनशास्त्राचं इग नोबेल मिळालं. साध्या नोबेलपेक्षा हे पारितोषिक माझ्या विद्यार्थ्यांना जास्त जवळचं वाटतं. यातल्या सामग्रीत तरी आपण कमी नाही, असा आत्मविश्वास त्यांच्या चेहऱ्यावर दिसतो.

पण हा महाराष्ट्र आहे. इथे ‘थुंकू नये’ची पाटी लावल्याशिवाय जिना पूर्ण होत नाही, आणि उष्ट्या हाताने आपण देवघराच्या दिशेला बघतही नाही. एकाने विचारलं, ‘सर, तंबाखू खाणाऱ्याची चालेल का?’ दुसरीने विचारलं, ‘उपास असेल तर?’ पण खरा मुद्दा काढला तो लॅबच्या मामांनी. मामा म्हणजे लॅबचे खरे मालक. बाटल्या कुठे आहेत हे त्यांनाच माहीत असतं आणि त्या तिथे का आहेत हे त्यांनाही माहीत नसतं. ते दारात उभे राहून ऐकत होते. म्हणाले, ‘आणि समजा देवाची मूर्ती आली तर? उष्टं करणार?’ वर्ग गप्प झाला. सुदैवाने शास्त्राकडे याचं उत्तर आहे. कृत्रिम लाळ तयार करता येते, विकरं आणि क्षार मोजून घालून, कुणाच्याही तोंडाचा संबंध न येता. आम्ही ती केली. दुसऱ्या दिवशी बघतो तर बाटलीवरच्या माझ्या लेबलाखाली मामांनी स्वतःच्या अक्षरात ‘सोवळ्यातली’ असं लिहून ठेवलं होतं. लेबलाचा इतका नेमका उपयोग मी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता.

मग येतो कापसाचा बोळा. हे या धंद्यातलं मुख्य हत्यार. बांबूची बारीक काडी घ्यायची, तिच्या टोकाला चिमूटभर कापूस धरायचा आणि डाव्या हाताच्या बोटांत काडी फिरवत उजव्या हाताच्या चिमटीने तो असा गुंडाळायचा की टोक काडीच्या बाहेर मऊ राहिलं पाहिजे, पण सुटता कामा नये. सैल वळला तर कापूस चित्रावर राहतो, घट्ट वळला तर काडी टोचते. तो द्रावणात बुडवायचा, टिपकागदावर टेकवून जास्तीचं टिपून घ्यायचं, आणि चित्रावर नखाएवढ्या जागेत लोळवायचा. घासायचा नाही, लोळवायचा. मग उजेडात धरून बघायचं. करडं आलं तर मळ आला. लाल आलं तर ते चित्र आलं, हात तिथेच थांबवायचा. वापरलेला बोळा फेकायचा आणि नवा वळायचा. एका तळहाताएवढ्या तुकड्याला बोळ्यांचा ढीग लागतो. बी.एस्सी.ची तरबेज मुलं इथे आली असती तर रडकुंडीला आली असती. ही मुलं मात्र शांतपणे वळत बसतात. त्यातही एक सोलापूरची मुलगी सगळ्यांच्या दुप्पट वेगाने वळायची. चौकशी केली तेव्हा कळलं, चातुर्मासात आजीबरोबर लक्ष वाती वळल्या होत्या. तिच्या बायोडेटात हे नव्हतं. मी घालायला लावलं.

हा सराव खऱ्या चित्रावर कसा करणार? म्हणून मुलं खोटी चित्रं करतात. त्यांच्या हाताला ते जमतं, आणि पहिल्यांदाच त्यांना वाटतं की या खोलीत आपलंही काही आहे. खोटी चित्रं खोटी म्हातारी करावी लागतात, त्यासाठी ती गरम भट्टीत ठेवतात. आणि मग ती मळवावी लागतात. मळ हा प्रमाणित हवा, नाहीतर या द्रावणाने जास्त निघाला की त्या, हे ठरणार कसं? म्हणून मळाची पाककृती असते. काजळी, केओलिन माती, लोखंडाचं ऑक्साइड, स्टार्च, जिलेटिनची पूड, थोडं ऑलिव्हचं तेल, थोडं खनिज तेल. सगळं मिलिग्रॅममध्ये तोलून. खिडकीबाहेर रस्ता खणलेला, धूळ आत येऊन तराजूवर बसतेय, आणि आत आम्ही परदेशी कंपनीच्या डबीतून घाण तोलून घेतोय, हे दृश्य बघून एक मुलगा म्हणाला, ‘सर, खिडकी उघडी ठेवली तर फुकट होईल.’ मी त्याला समजावलं की बाहेरची घाण रोज बदलते, आपल्याला आजची आणि उद्याची घाण सारखी हवी. तो म्हणाला, ‘मुंबईत तसा फरक पडत नाही.’ या वाक्याचं खंडन करण्याइतकी निरीक्षणं माझ्यापाशी नव्हती.

ती मळवलेली फळकुटं रात्रभर वाळायला टेबलावर ठेवली. सकाळी मामांनी ओल्या फडक्याने सगळं टेबल आणि सगळी फळकुटं लख्ख पुसून ठेवली होती. ‘केवढी घाण करून गेली होती पोरं,’ असं वर आम्हालाच सुनावलं. मुलांनी न चिडता त्याचीही जर्नलमध्ये नोंद केली. पद्धत : ओलं फडकं, जोरात. परिणाम : मळ पूर्णपणे निघाला. शेरा : चित्रही.

या सगळ्यात मला स्वतःला फार काही विसरावं लागलं. माझ्या जुन्या प्रयोगशाळेत काहीतरी घडलं की आनंद व्हायचा. निळ्याचं गुलाबी झालं, तळाशी साका बसला, फसफसलं, निदान वास तरी सुटला की मुलं ओरडायची, ‘सर, आलं!’ इथे ‘आलं’ म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. इथे सगळं रसायनशास्त्र शिकायचं ते काही घडू नये म्हणून.

त्याचं सगळ्यात शुद्ध रूप म्हणजे ऑडी टेस्ट. ब्रिटिश म्युझियमच्या अँड्र्यू ऑडी यांनी 1973 मध्ये ही चाचणी मांडली. संग्रहालयाच्या काचेच्या कपाटात लाकूड, कापड, रंग, गोंद काय वापरावं हे ठरवण्यासाठी. त्या सामानाचा तुकडा नळीत ठेवायचा, सोबत चांदी, तांबं आणि शिसं यांच्या पातळ पट्ट्या, थोडं पाणी, झाकण घट्ट, आणि 60 अंश सेल्सिअसला 28 दिवस. सामानातून आम्लाची वाफ किंवा गंधक बाहेर पडत असेल तर पट्ट्या चुगली करतात : चांदी काळवंडते, शिशावर पांढरी भुकटी धरते. मुलांना कुठलीही वस्तू तपासायची मुभा दिली की ती हौसेने आणतात. प्लायवूड, लोकर, बुटाचं रबर, एकाने हॉस्टेलच्या खोलीचं सनमायका उचकटून आणलं. मग रोज येऊन नळ्यांकडे बघायचं. ज्या गटाच्या पट्ट्या महिनाभराने जशाच्या तशा निघाल्या, तो गट एकमेकांच्या गळ्यात पडून नाचला. काहीही झालं नाही म्हणून प्रयोगशाळेत नाचणारी मुलं बघायला मिळाली, यासाठी तरी निवृत्त व्हावं.

धागा जाळून बघण्याचं प्रॅक्टिकल मात्र मी जपून घेतो, कारण त्याचे परिणाम घरापर्यंत जातात. प्रयोग साधा. चिमट्यात धागा धरून ज्योतीजवळ न्यायचा. सूत कागदासारखं जळतं आणि तसाच वास येतो. लोकर आणि रेशीम यांना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांनी चुरगळते. पॉलिएस्टर वितळतं, आक्रसतं आणि टोकाला टणक मणी उरतो. धागे मी देतो. पण प्रत्येक बॅचमध्ये एखादी मुलगी असतेच, जी घरून धागा आणते. तिने पिशवीतून कागदाची पुडी काढली. आईच्या पैठणीचा, पदराच्या मागच्या बाजूचा सुटा धागा. प्युअर सिल्क, दुकानदाराने शपथेवर सांगितलेलं, बाबांनी पंचविसाव्या लग्नवाढदिवसाला घेतलेली. वर्ग भोवती जमला. धागा ज्योतीजवळ गेला आणि नम्रपणे आक्रसून त्याचा मणी झाला. कुणी काही बोलेना. तिने दुसरा धागा लावला. दुसरा मणी. ‘जरीही बघू या का?’ असं एका आगाऊ मुलाने विचारलं, त्याला बाकीच्यांनी नजरेनेच गप्प केलं. शेवटी ती म्हणाली, ‘सर, हे जर्नलमध्ये लिहायलाच पाहिजे का?’ निरीक्षण लिहिलंच पाहिजे, पण नमुना कुठून आणला हे ‘खाजगी संग्रह’ असं लिहिता येतं, असं मी तिला सांगितलं. संग्रहालयांच्या यादीत या दोन शब्दांमागे काय काय दडलेलं असतं, याचा मला त्या दिवशी नीट उलगडा झाला. पैठणी अजून लग्नाकार्यात नेसली जाते. आई खूश आहे, बाबा खूश आहेत, आणि मुलगी पंगतीत समईपासून चार हात लांब बसते आणि आईलाही बसवते.

घरोघरी असाच संघर्ष चालू असतो. अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या महिन्यापासून मुलं घरच्या स्वयंपाकघरात हस्तक्षेप करू लागतात. देवाचे टाक चिंच-राखेने घासायचे नाहीत, कारण चिंचेतलं आम्ल ऑक्साइड विरघळवतं आणि राखेचा कण धातू खरवडतो. पिढ्यान्‌पिढ्या घासल्यामुळेच तर खंडोबाचं नाक सपाट झालं. हे शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे. पण दिवाळीच्या आधी समईवर हिरवट-काळा थर असताना ‘तो पॅटिना आहे आई, त्याला हात लावू नकोस’ असं म्हणणाऱ्या मुलाचं काय होतं, हे तुम्हाला कळेलच. त्याची आई म्हणाली, ‘पॅटिना असो नाहीतर कोणी असो, धनत्रयोदशीच्या आत गेला पाहिजे.’ मी दोघांचंही म्हणणं ऐकून घेतलं. पूजेतली समई आणि संग्रहालयातली समई यांना वेगवेगळे नियम लागू होतात, असा निवाडा दिला. आईला तो पटला. मुलाला वाटलं, सर फुटले.

आता टिकाऊपणाचं. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वज्रलेपावर एक प्रकरण आहे. कच्ची टेंभुर्णी, कच्चं कवठ, सावरीची फुलं, वेखंड वगैरे पाण्यात उकळून अष्टमांश उरेपर्यंत आटवायचं, त्यात डिंक-राळेसारखी द्रव्यं घालायची, आणि तो लेप गरम गरम मंदिराला, मूर्तीला लावायचा. तो कोटीभर वर्षं टिकेल अशी हमी खुद्द ग्रंथकार देतो. एवढी वॉरंटी आजवर एकाही रंगाच्या कंपनीने दिलेली नाही. याउलट आमच्या लॅबमधलं लाडकं द्रव्य म्हणजे पॅरालॉइड बी-72. काचेच्या खड्यांसारखं दिसणारं अ‍ॅक्रिलिक. ते मलमलीच्या पुरचुंडीत बांधून अ‍ॅसिटोनच्या बरणीत श्रीखंडाच्या चक्क्यासारखं टांगून ठेवायचं, सकाळपर्यंत विरघळतं. त्याचा सगळ्यात मोठा गुण काय, तर लावलेलं उद्या काढता येतं. मुलांना हे आधी पटत नाही. ‘सर, निघून येणारा गोंद चांगला कसा?’

त्यांना मी अजिंठ्याला नेतो, निदान स्लाइडवर. 1920 च्या सुमारास निझाम सरकारने इटलीहून लोरेंझो चेक्कोनी यांना बोलावलं. त्यांनी सुटत चाललेला गिलावा जागेवर बसवला, हे काम मोलाचं. पण चित्रांवर शेलॅक म्हणजे लाखेचा थरही दिला. त्या काळच्या ज्ञानाप्रमाणे ते योग्यच होतं. लाख काही वर्षांनी पिवळी पडली, मग तपकिरी, आणि बोधिसत्त्व त्या थराआड जाऊन बसले. पुढे पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांनी तो थर द्रावकांनी इंचाइंचाने उतरवला. ही गोष्ट ऐकली की बोळे वळणारे हात आपोआप हळू होतात. मात्र पॅरालॉइडचीही एक अडचण आहे. ते 40 अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं. युरोपात लिहिलेल्या पुस्तकांत हा आकडा फार निश्चिंतपणे छापलेला असतो. तो मी फळ्यावर लिहिला तेव्हा चंद्रपूरचा मुलगा हात वर करून म्हणाला, ‘सर, आमच्याकडे तर मेमध्ये देवळाच्या फरशीवर 40 रात्रीच होतं.’ त्याला मी प्रकल्पाचा विषय तोच दिला.

वर्षाअखेरीला तोंडी परीक्षा. बाहेरून आलेले परीक्षक माझ्यासारखेच जुन्या वळणाचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. जर्नल उलटत त्यांनी सोलापूरच्या मुलीला पहिला प्रश्न टाकला, ‘यील्ड किती आलं?’

‘शून्य, सर.’

‘म्हणजे प्रयोग फसला?’

‘नाही सर, छान झाला. काहीच निघालं नाही.’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. मग त्यांनी जर्नल मिटवलं, खुर्ची जरा पुढे ओढली आणि आवाज खाली आणून म्हणाले, ‘ते असू दे. आमच्या घरी एक जुना तांब्याचा हंडा आहे. कशाने लख्ख होईल?’

मुलीने उत्तर दिलं नाही. तिने समोरच्या फायलीतून कंडिशन रिपोर्टचा कोरा फॉर्म काढला, कारण वस्तूला हात लावण्याआधी तिची अवस्था लिहून घ्यायची, हे आम्हीच तिला घोकायला लावलं होतं.

‘सर, उंची?’

‘असेल दीड फूट.’

‘पूर्वी कशाने घासलाय?’

‘चिंचेने. आई होती तोवर.’

‘कुठे पोचा वगैरे?’

‘आहे एक. डाव्या बाजूला, चांगला मोठा.’

‘वापरताना पडलेला की आपटून?’

परीक्षक थोडे घुटमळले. ‘आपटून.’

‘कशावर आपटून, सर? आणि साधारण कोणत्या साली? इथे रकाना आहे.’

‘हे बघ,’ ते घाईघाईने पेन काढत म्हणाले, ‘तुला पंचवीसपैकी चोवीस देतो. पुढच्याला पाठव.’